बदल या शब्दाचा कर्ता कोण?

शेजारच्या खोलीतली पोर पाचवीत आहे. परवा सकाळी ती वही घेऊन दारात उभी राहिली. 'बदल' या शब्दाला समानार्थी शब्द लिहा, असा गृहपाठ होता. मी रात्रपाळी करून आलेलो, डोळे चुरचुरत होते. तरी सांगितलं, लिही : पालट, फेरफार, परिवर्तन, स्थित्यंतर. तिनं लिहून घेतलं आणि पळाली. बाईंनी बरोबरची खूण केली असणार.

त्याच दिवशी संध्याकाळी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. कामाच्या वेळेत किरकोळ फेरबदल करण्यात येत आहे, कामगारांनी सहकार्य करावे. खाली बारीक अक्षरात तपशील. तीन पाळ्यांच्या जागी दोन पाळ्या. म्हणजे आठ तासांचे बारा तास. माणसाच्या दिवसातून चार तास काढून घेतले, त्याचं नाव किरकोळ फेरबदल.

नोटिशीसमोर उभा राहून मला सकाळची पोर आठवली. मी तिला चुकीचं शिकवलं होतं. समानार्थी म्हणून जे शब्द आपण एका रांगेत बसवतो ते एका अर्थाचे नसतातच. प्रत्येक शब्दामागं कुणीतरी बोलणारा असतो आणि कुणीतरी सोसणारा असतो. वहीत फक्त शब्द येतो, ही दोन माणसं येत नाहीत. मी काही भाषेचा पंडित नाही. दहावीनंतर जे वाचलं ते साच्यावर उभ्या उभ्या नाहीतर रद्दीच्या दुकानात वाचलं. पण हे शब्द मी अंगावर घेतलेत. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

दोस्तहो, आपल्या वस्तीत 'बदल' हा शब्द फारसा कुणी बोलत नाही. तो भाषणात येतो. रोजच्या तोंडात जे आहे ते वेगळंच आहे. जुळवून घे. सांभाळून घे. चालवून घे. भागवून घे. मिटवून घे. नमतं घे. पडतं घे. आणि आता नवीन आलेलं : ॲडजस्ट करून घे. एकदा हे सगळे शब्द मी सिगरेटच्या पाकिटाच्या कागदावर एकाखाली एक लिहिले आणि चमकलो. सगळ्यांच्या शेपटाला 'घे' आहे. घे म्हणजे काहीतरी मिळायला पाहिजे. पण यातल्या एकाही शब्दानं ज्याला सांगितलं त्याच्या हातात काही पडत नाही. उलट त्याच्याजवळचं जातं. पाणी जातं, वाट जाते, मजुरी जाते, मान जातो. म्हणायचं 'घे' आणि काढून घ्यायचं, ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे.

दुसरी गोष्ट. हे शब्द वरून खाली वाहतात, खालून वर कधी चढत नाहीत. सरपंच म्हणतो, तुम्ही जरा जुळवून घ्या. आजपर्यंत महारवाड्यातल्या कुणी सरपंचाला म्हटलेलं मी ऐकलं नाही की पाटील, यंदा तुम्ही जुळवून घ्या. सासू सुनेला म्हणते. मुकादम नव्या पोराला म्हणतो. मालक मुकादमाला म्हणत असेल. मालकाला कोण म्हणतं ते मला कळलेलं नाही.

आता 'बदली' हा शब्द घ्या. हापिसातल्या माणसाला विचारा, बदली म्हणजे काय? तो सांगेल, सांगलीहून साताऱ्याला जाणं. त्याची नोकरी तीच राहते, फक्त गाव बदलतं. माझ्या आज्जाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बदली म्हणजे मी. तो मुंबईत परळच्या बाजूला एका गिरणीत बदली कामगार होता. पहाटे फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगार कुणी आजारी पडला, कुणी गावी गेला, कुणाच्या घरी मयत झाली, तर त्याच्या जागी आत जायचं. कुणीच गैरहजर नसलं तर घरी. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली चूल पेटायची. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानं १९३५ मध्ये या बदल्यांना कार्डं देऊन त्यांची शिस्त लावली. हा शब्द इतका मुरला की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही पुढं तो 'बदली' असाच घातला गेला. आपला एक शब्द कायद्याच्या इंग्रजीत जाऊन बसला तो असा, दुसऱ्याच्या जागेवर उभा असलेला माणूस म्हणून.

आज्जा म्हणायचा, "माझी वर्सं गेली बदलीत, पर बदल काय झाला न्हाई." त्यानं हे विनोदानं म्हटलं होतं. आम्ही हसायचो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातला तो एक. संप मिटला असं कुणी त्याला कधी सांगितलं नाही. गिरण्या मात्र हळूहळू मिटल्या. तो गावी आला.

त्याच गिरण्यांतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिथं 'जुळवून घे'चा खरा चेहरा दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत सूतखात्यात आपली माणसं चालत, वीणकाम खात्यात चालत नसत. आणि पगार वीणकामात जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपलं तोंड कसं लावायचं, हा स्पृश्य विणकराचा प्रश्न. कामगार एक, लाल बावटा एक, पण थुंकी वेगळी. त्यावर सगळ्यांनी मिळून काढलेला तोडगा असा की आपल्या माणसांनी कमी पगाराच्या खात्यात जुळवून घ्यावं. कुणी असं लिहून ठेवलं नव्हतं. तसं चालत होतं, बस्स. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला : वीणकाम खातं अस्पृश्यांना खुलं झालं पाहिजे. तेव्हा पुष्कळांना वाटलं, हा माणूस एकीत बिब्बा घालतोय. म्हणजे बघा, ज्यानं चालत आलेलं जुळवून घेणं नाकारलं तो फूट पाडणारा. आणि धोट्यावरून ज्यांनी फूट पाडून ठेवली होती ते एकीवाले!

या गिरणीत काम लागलं तेव्हा मी खोली शोधत होतो. खात्यातल्या एकानं प्रेमानं सल्ला दिला. म्हणाला, "तुझं आडनाव ऐकून कोन खोली देनार न्हाई. गावाच्या नावाला 'कर' लाव. एवढा फेरफार चालतोय." फेरफार हा शब्द तलाठ्याच्या चावडीतला. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की फेरफार नोंद होते, मग सातबारा बदलतो. आमच्या घराच्या नावावर जमीनच नाही, त्यामुळं फेरफार कधी झाला नव्हता. पहिला फेरफार झाला तो माझ्या नावाचा, तोही माझ्याच हातानं. मालकीणबाईंनी विचारलं, आडनाव काय म्हणायचं? मी गावाला 'कर' लावून सांगितलं. त्या हसल्या. खोली मिळाली.

सात महिने राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली. १४ एप्रिल आला, मी गावी गेलो. तिथं पोरांच्या पुढं कविता म्हटल्या, जोरजोरात. परत आलो तर भिंतीवर दिनदर्शिका. कविता म्हणणारा मी आणि खोलीत राहणारा मी, या दोघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था मीच केली होती. मग आय आली चार दिवस. आल्या आल्या भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, फोटो कुठाय? मी म्हटलं, "आय, जरा ॲडजस्ट करायला लागतंय." तिला शब्द कळला नाही, पण मी पेटीकडं बघितलं ते कळलं. म्हणाली, "पेटीत गुदमारत न्हाई का रं त्यो?" मग स्वतःच उठून पेटी उघडली. खिळा नव्हता, दिनदर्शिका काढून त्याच खिळ्याला फोटो लावला. पंधरा दिवसांत मालकीणबाईंचा पुतण्या शिकायला येणार असल्याचं कळलं. खोली खाली केली.

ही हकीकत मी शौर्य म्हणून सांगत नाही. शौर्य असलं तर आयचं. मी तर सात महिने निभावलं होतं. आजही कुणी पोरगा मला विचारील, खोली मिळत नाही, बायको बाळंत व्हायची आहे, आडनाव बदलून सांगू का? तर मी त्याला नाही म्हणू शकणार नाही. पोट आणि छप्पर यांच्यापुढं माणसाला वाकावं लागतं. प्रश्न वाकण्याचा नाही. वाकलो याला आपण काय म्हणतो, याचा आहे. मी सात महिने स्वतःला सांगत होतो की मी व्यवहारी झालोय, सुधारलोय, शहरात रुळलोय. यातला एकही शब्द खरा नव्हता. मी घाबरलो होतो आणि खोलीची गरज होती. असं नीट म्हटलं असतं तर निदान रात्री पेटीकडं बघायला शरम वाटली नसती.

याबाबतीत मला बाबासाहेबांचा पुणे करार नेहमी आठवतो. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. उभा देश एका माणसाकडं बघून म्हणत होता, तुम्ही जुळवून घ्या. २४ सप्टेंबर १९३२ ला बाबासाहेबांनी सही केली. पण सही करतानाही हिशेब सोडला नाही. निवाड्यातल्या प्रांतिक जागा ७१ होत्या, करारात राखीव जागा १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. आणि पुढं १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर पुस्तक लिहिलं तेव्हा या करारात काय गमावलं तेही त्यांनी उघड मांडलं. सही आपली म्हणून तिला गोड नाव दिलं नाही. मला यातून एवढंच कळलं : तडजोड करावी लागली तर करावी, पण तिला तडजोडच म्हणावं. तिला समजूतदारपणा म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुढची तडजोड मागायला माणूस दारात उभा.

आपल्या चळवळीनं एका शब्दासाठी किती मोजलं ते मराठवाड्याला विचारा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. नामांतर. ठराव कागदावर आणि आग आपल्या घरांना. वस्त्या जळल्या, माणसं गावं सोडून पळाली, नांदेड जिल्ह्यातले पोचिराम कांबळे मारले गेले. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. पण त्याला सरकारनं नामांतर म्हटलं नाही. नामविस्तार म्हटलं. जुनं नाव काढलं नाही, वाढवलं, असं म्हणायची सोय. काही जण म्हणतात, नाव लागलं ना, मग शब्दावरून कशाला भांडता? मी भांडत नाही. त्या फाटकावर बाबासाहेबांचं नाव आहे याचा मला आनंदच आहे. पण दोन शब्दांमधलं अंतर मला दिसतं. नामांतर म्हटलं असतं तर कुणाला तरी काहीतरी सोडावं लागलं असतं. विस्तार म्हटल्यावर कुणालाच काही सोडावं लागलं नाही. ज्यांची घरं जळली त्यांनी मात्र सोडलं, ते त्या शब्दात कुठंच नाही.

धर्मांतराचंही तसंच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडलं ते एकच. आपण म्हणतो दीक्षा घेतली. वर्तमानपत्र म्हणतं धर्मांतर. गावात म्हणाले, बाटले. घटना एक आणि शब्द तीन. आता यांना समानार्थी म्हणा बघू! इथं मात्र एक 'घे' मला सापडला ज्यात खरंच काही मिळालं. दीक्षा घेतली. ती कुणी वरून दिली नाही, लाखो माणसांनी उभं राहून स्वतःच्या तोंडानं घेतली. कर्ता आपण होतो.

मी रिंग फ्रेमवर काम करतो. तिथं तार तुटली की आम्ही ती सांधतो. पण एकाच स्पिंडलवर पुन्हा पुन्हा तार तुटायला लागली तर फिटर येतो. तो सुताला रागावत नाही. तो बघतो ट्रॅव्हलर झिजलाय का, स्पिंडल मध्यावर आहे का, खात्यात ओलावा कमी झालाय का, साच्याचा वेग जास्त आहे का. मग साच्यात दुरुस्ती करतो. हा दुरुस्ती शब्द मला सगळ्यात आवडतो. राज्यघटनेच्या बाबतीतही आपण तोच वापरतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं कलम १५ ला चौथं पोटकलम जोडलं, आणि मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतुदी करायची वाट कोर्टानं अडवली होती ती मोकळी झाली. शिकायला धडपडणाऱ्या पोरांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही कलमाशी जुळवून घ्या. कलम दुरुस्त केलं. सुताच्या बाबतीत जे फिटरला कळतं, घटनेच्या बाबतीत जे देशाला कळलं, ते माणसाच्या बाबतीत गावाला आणि गिरणीला का कळू नये?

याचा अर्थ सांभाळून घेणं वाईटच, असं मी म्हणत नाही. १९८२ च्या संपात चाळीतल्या माणसांनी एकमेकांचं भागवलं. आज्जा सांगायचा, ज्याच्याकडं पीठ असेल तो वाटीभर द्यायचा, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडं नसायचं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं नुसत्या हक्कावर झोपू शकत नाहीत, कुणीतरी पाय आखडावेच लागतात. पण तिथं पाय आळीपाळीनं आखडले जायचे. आज मी, उद्या तू. जिथं एकच माणूस जन्मभर पाय आखडतो तिथं ते सांभाळून घेणं राहत नाही.

आणि इथं मला थांबावं लागतं, कारण हे वाक्य लिहिलं तेव्हा माझी बायको भांडी घासत होती. तिला बारावीला बसायचं होतं. लग्न झालं, मी म्हटलं पुढच्या वर्षी बघू. पोरगी झाली, मी म्हटलं जरा सांभाळून घे. माझी रात्रपाळी असली की ती दिवसभर पोरीला घेऊन दाराबाहेर बसते, मला झोप लागावी म्हणून. जेवते शेवटी. मी एवढे 'घे' मोजले, सरपंचाचे, मुकादमाचे, मालकिणीचे, आणि माझा स्वतःचा मोजला नाही. लेख वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमची शिफ्ट आठवड्याला बदलतीय. माझी कवा बदलायची?"

मला उत्तर आलं नाही. बारावीचा फॉर्म आणलाय. माझी दिवसपाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी पोरगी माझ्याकडं, असं ठरलंय. दोन आठवडे झाले, त्यातले तीन दिवस मी चुकवले. हेही लिहून ठेवतो, नाहीतर याला मी परिवर्तन म्हणायला लागेन.

तेव्हा माझ्यापुरता मी एक नियम केलाय. कुणी बदल म्हणालं, फेरफार म्हणालं, सुधारणा म्हणालं, की आधी विचारायचं : वाक्याचा कर्ता कोण? कोण बदलणार आहे? ठरवताना तो तिथं हजर होता का? आणि उद्या त्याची पाळी समोरच्यावर येणार आहे का? उत्तरं बरोबर आली तर मी पाय आखडायला तयार आहे. नाही आली तर शब्द कितीही गोड असो, तो आपला नाही.

नोटिशीचं काय झालं ते सांगून संपवतो. आम्ही तेवीस जणांनी अर्ज केला. मजकूर मी लिहिला. 'किरकोळ फेरबदल' असं नोटिशीत होतं, आम्ही अर्जात लिहिलं, 'रोज चार तासांची वाढ, जी आम्हाला न विचारता केली आहे.' साहेबांनी वाचलं. रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं म्हणणं ठीक आहे, पण अर्जाची भाषा जरा बदलून आणा."

आम्ही भाषा बदलली नाही. अर्ज तसाच टेबलावर ठेवून आलो. अजून उत्तर आलेलं नाही. शेजारच्या पोरीला मात्र बोलावून सांगितलं, तुझ्या वहीतल्या त्या रांगेपुढं आणखी एक रकाना आख. वर लिही : कोणी, कोणाला?

ती म्हणाली, असं बाईंनी सांगितलं नाही. मी म्हटलं, मी सांगतोय.